कारण शोधणारं सर्वेक्षण कसं आखायचं? सीमाभागातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडची एम.ए., एम.एस.डब्ल्यू. आणि पीएच.डी.ची मुलं-मुली संशोधनाचा आराखडा घेऊन येतात, तेव्हा तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. बहुतेक जागी एकच उदाहरण धरलं आहे: कर्नाटकची शक्ती योजना, म्हणजे ११ जून २०२३ पासून राज्यातल्या साध्या सरकारी बसमध्ये बायकांना मिळालेला मोफत प्रवास. या प्रवासामुळे आपल्याकडच्या बायका घराबाहेर कामाला जास्त जाऊ लागल्या का? विषय तुमचा दुसरा असला तरी अडचणी याच येतील.

कार्यकारणाचा प्रश्न साध्या प्रश्नापेक्षा वेगळा कसा?

'खानापूर तालुक्यात किती बायका शून्य तिकिटावर प्रवास करतात?' हा मोजणीचा प्रश्न. 'प्रवास करणाऱ्या बायका न करणाऱ्यांपेक्षा जास्त कमावतात का?' हा तुलनेचा प्रश्न. 'बस मोफत झाली नसती तर याच बायका आज कामाला गेल्या असत्या का?' हा कार्यकारणाचा. तिसऱ्या प्रश्नात 'नसती तर' आहे, आणि सगळी अडचण तिथेच आहे. एकच बाई एकाच वेळी तिकिटाचे पैसे भरणारी आणि न भरणारी असू शकत नाही. जे घडलं ते दिसतं, जे घडू शकलं असतं ते कुणालाच दिसत नाही. १९२३ मध्ये संख्याशास्त्रज्ञ नेमन यांनी शेतीच्या प्रयोगांसाठी आणि १९७४ मध्ये रुबिन यांनी सर्वसाधारण अभ्यासांसाठी हा विचार गणितात बसवला.

म्हणून आराखडा करायचा म्हणजे त्या न घडलेल्या गोष्टीच्या जागी कुणाला उभं करायचं ते ठरवायचं. बारा पानी प्रश्नावली घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला मी आधी हेच विचारतो: तुलना कुणाशी? याचं उत्तर तयार नसेल तर प्रश्नावली बाजूला ठेवा.

एका बाजूला कर्नाटक, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र. मग सीमा हाच तयार प्रयोग नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्यामागचा विचार चांगला आहे. असं काम झालेलंही आहे. अमेरिकेत १ एप्रिल १९९२ ला न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्वेनियात ते वाढलं नाही. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रुगर यांनी दोन्ही बाजूंची ४१० फास्ट फूड हॉटेलं घेतली. वाढीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा तिथल्या नोकऱ्या मोजल्या. वेतन वाढवलं की नोकऱ्या जातात, असं तेव्हा ठामपणे सांगितलं जाई. त्यांना तसं काही आढळलं नाही. कार्ड यांना २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात या कामाचा वाटा मोठा आहे.

आपल्या सीमेबाबत मात्र दोन गोष्टी नीट पाहाव्या लागतात.

पहिली, ही रेषा कुठून आली? काही ठिकाणी ती १९५६ ची आहे, काही ठिकाणी त्याहून खूप जुनी. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचना कायद्यानं बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहिला. म्हणजे बेळगाव-चंदगड ही रेषा एकाच जिल्ह्याच्या पोटातून गेली. निपाणी-कागल रेषेचं तसं नाही. निपाणी ब्रिटिश मुलखात आणि कागल कोल्हापूर संस्थानात होतं, आणि त्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्येच प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं होतं. आज कागलच्या म्हाताऱ्या बायका निपाणीच्या बायकांपेक्षा जास्त शिकलेल्या निघाल्या, तर ते श्रेय कुठल्याही आताच्या सरकारचं धरता येणार नाही. शिवाय १९५६ ची रेषा चिठ्ठी टाकून काढलेली नव्हती, ती भाषा पाहून काढली. ती बरोबर काढली का, हाच तर आपला वाद, आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. संशोधनापुरतं इतकं पुरे की रेषेच्या दोन बाजूंची माणसं मुळातच सारखी होती असं गृहीत धरता येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. रेषा ओलांडली की एकच गोष्ट बदलत नाही. रेशन, वीज, शाळेची भाषा, ऊसदर, भरतीचे नियम सगळंच बदलतं. तारखा एका ओळीत मांडून पाहा. १७ मार्च २०२३ ला महाराष्ट्रानं एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं. ११ जूनला कर्नाटकात शक्ती आली. जुलैपासून तिथेच अन्नभाग्य या रेशन योजनेचे पैसे खात्यात येऊ लागले, घरगुती विजेची २०० युनिटपर्यंतची सवलत सुरू झाली. ३० ऑगस्टला तिथल्या बायकांना गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये सुरू झाले. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये लागू झाले. आता २०२५ मध्ये खानापूर आणि चंदगडच्या बायकांची एकदाच गाठ घेऊन फरक काढलात, तर तो बसचा, दोन हजारांचा, पंधराशेचा की विजेचा? त्या आकड्यावरून ते सांगता येणार नाही.

आणि चंदगडच्या बाजूलाही तिकीट पूर्ण नाही, अर्धं आहे. त्यामुळे तुमची तुलना 'मोफत विरुद्ध पूर्ण तिकीट' अशी नसून 'मोफत विरुद्ध अर्धं तिकीट' अशी आहे. प्रबंधाच्या पहिल्याच पानावर हे स्पष्ट लिहा.

मग शक्तीचा परिणाम मोजायचा तरी कसा?

मी असा आराखडा सुचवतो. सीमेवर सगळा भार टाकू नका. आधी कर्नाटकच्या आतच तुलना शोधा. ज्या गावात दिवसाला दहा बस जातात तिथे 'मोफत'ला अर्थ आहे. ज्या वाडीवर बसच जात नाही तिथे तिकीट शून्य झालं काय, नाही झालं काय, सारखंच. गृहलक्ष्मीचे पैसे मात्र दोन्हीकडे येतात, रेशनही दोन्हीकडे. म्हणून एकाच तालुक्यातली बसची गावं आणि बिनबसची गावं, योजनेच्या आधी आणि नंतर, अशी मांडणी केली तर बाकीच्या योजना बऱ्याचशा दोन्ही बाजूंना वजा होतात.

समजा बसच्या गावांत आधी १०० पैकी ३० बायका गावाबाहेर कामाला जात आणि नंतर ३८ जाऊ लागल्या, तर वाढ ८. बिनबसच्या गावांत ३३ च्या ३७ झाल्या, तर वाढ ४. फरकातला फरक ४. हे आकडे समजावण्यापुरते आहेत, कुणी उचलून छापू नयेत.

इथे एक पायरी आणखी चढता येते. तिकीट बायकांचं माफ झालं, पुरुषांचं नाही. त्याच गावातल्या पुरुषांचं बाहेर कामाला जाणं त्याच काळात किती बदललं तेही मोजा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एखाद्या फौंड्रीला मोठी ऑर्डर आली, ऊसतोडीचा हंगाम लांबला, तर त्याचा परिणाम पुरुषांवरही दिसेल आणि तो तुम्हाला वजा करता येईल. बिहारमधल्या सायकल योजनेच्या अभ्यासात कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी हेच केलं. २००६ पासून बिहारमध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. त्यांनी मुलींची तुलना मुलांशी केली आणि बिहारची झारखंडशी, जो २००० पर्यंत बिहारचाच भाग होता. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत परिणाम जास्त दिसला. सायकलीमुळे फरक पडला असेल तर तो लांबच्या गावात जास्त दिसायला हवा, आणि तसाच तो दिसला. तुमच्या आराखड्यातही अशी एक जागा आधीच नेमून ठेवा, जिथे तुमचं म्हणणं खरं असेल तर परिणाम मोठा दिसलाच पाहिजे.

एक पथ्य पाळा. गावात किती बस जातात हे योजनेच्या आधीच्या वेळापत्रकावरून ठरवा. जून २०२३ नंतर गर्दी पाहून काही मार्गांवर फेऱ्या वाढल्या असतील, आणि जिथे बायका जास्त बाहेर पडल्या तिथेच त्या वाढल्या असतील. नंतरचं वेळापत्रक घेतलंत तर परिणामालाच कारण समजून बसाल. बसस्थानकाच्या कंट्रोलरकडे जुने कागद मिळतात, फक्त दोन-चार खेपा घालाव्या लागतात.

बसची गावं मोठी, रस्त्यावरची. बिनबसची गावं जंगलातली. ही तुलना चालते का?

दोन्ही गावं सारखी असायलाच हवीत असं नाही. अट अशी की योजना नसती तर दोन्हीकडचा बदल सारख्या चालीनं झाला असता. एकीकडे ३० आणि दुसरीकडे ३३ चालेल. पण एकीकडे दरवर्षी दोन-दोननं वाढत होतं आणि दुसरीकडे थांबलेलं होतं, तर चालणार नाही.

ही अट सिद्ध करता येत नाही, तिला आधार मात्र देता येतो. योजनेच्या आधीची तीन-चार वर्षं दोन्हीकडची चाल कशी होती ते दाखवा. मग खोटी तारीख घ्या: योजना जून २०२१ ला आली असं समजून तेच गणित करा. तिथेही 'परिणाम' निघाला तर तुमच्या आराखड्यात भोक आहे. तशीच खोटी माणसंही घेता येतात. शाळेत चालत जाणाऱ्या सात वर्षांच्या पोरांवर बसच्या तिकिटाचा परिणाम दिसायचं काही कारण नाही. दिसला तर थांबा.

आपल्याकडे महिन्याचं भानही हवं. 'आधी' भाताच्या लावणीत मोजलं आणि 'नंतर' फेब्रुवारीत, तर तुम्ही बस नव्हे, भाताचा हंगाम मोजलात.

दोन राज्यांची तुलना केली आणि प्रत्येक राज्यात हजार बायका घेतल्या. आता तरी भक्कम?

बायका दोन हजार असल्या तरी राज्यं दोनच. राज्याच्या पातळीवर जे काही घडलं ते हजारही बायकांवर एकदमच घडतं, त्यामुळे बायकांची संख्या वाढवून ती अनिश्चितता कमी होत नाही. कार्ड-क्रुगर यांच्या कामावरही हाच आक्षेप घेतला गेला. उपाय अर्धामुर्धा आहे: योजनेच्या आधीच्या वर्षांत दोन बाजूंतला फरक आपसूक किती वर-खाली होत होता ते पाहा. तो दरवर्षी पाच टक्क्यांनी हलत असेल, तर तुमचे चार टक्के काही सांगत नाहीत.

जात, शिक्षण, उत्पन्न, कुटुंबाचा आकार, सगळंच समीकरणात घातलं तर तिसरी कारणं (बस आणि काम दोन्हींवर परिणाम करणारी) निघून जात नाहीत का?

काही जातात. पण जे मोजलंच नाही ते समीकरणात येत नाही. बाईची जिद्द, सासूचा स्वभाव, माहेर जवळ की लांब, हे रकान्यात बसत नाही.

त्याहून घातक म्हणजे जे घालायला नको ते घालणं. मोफत बसमुळे बाई कामाला गेली, कामामुळे हातात पैसे आले, पैशामुळे मुलीची शाळा चालू राहिली. इथे मुलीच्या शाळेवरचा परिणाम मोजताना बाईची कमाई 'नियंत्रणात' ठेवलीत, तर परिणाम ज्या वाटेनं येतो तीच वाट बंद केलीत. योजनेच्या नंतर जे बदलू शकतं ते समीकरणात घालायचं नाही. जात, लग्नाच्या वेळचं शिक्षण, २०२३ च्या आधीची जमीन चालेल.

आणि कृपा करून बेळगावच्या सीबीटीवर, म्हणजे बसस्थानकावर, उभं राहून नमुना गोळा करू नका. दर वर्षी कुणीतरी हे करतं, कारण दिवसात दोनशे फॉर्म भरतात. सीबीटीवर भेटणारी बाई आधीच घराबाहेर पडलेली असते. जी पडली नाही ती तुमच्या नमुन्यात कधीच येणार नाही, आणि तुमचा प्रश्न तर नेमका तिच्याबद्दल आहे.

आम्हाला चिठ्ठ्या टाकून खरा प्रयोग करता येईल का?

योजनेचा नाही. ती सगळ्यांना मिळाली आहे, कुणाकडून काढून घेता येत नाही, आणि तसा विचारही करू नये. पण तिच्या कडेला प्रयोग करता येतो. मोफत प्रवासासाठी कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. चंदगड किंवा आजऱ्याहून लग्न होऊन इकडे आलेल्या कितीतरी सुनांच्या आधारवर अजून माहेरचा पत्ता आहे. समजा तुमच्याकडे पत्ता बदलायला मदत करणारे स्वयंसेवक थोडेच आहेत आणि सगळ्या गावांत एकदम जाता येत नाही. मग कुठल्या गावात आधी जायचं ते ग्रामपंचायतीत सगळ्यांसमोर चिठ्ठी टाकून ठरवा. आधीची आणि नंतरची गावं हेच तुमचे दोन गट. कुणाला वंचित ठेवलं नाही, फक्त क्रम चिठ्ठीवर सोडला.

कधी सरकारच नकळत चिठ्ठी टाकतं. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानमध्ये प्रमुखपद स्त्रियांसाठी राखीव झालेल्या आणि न झालेल्या पंचायती घेतल्या. कुठली पंचायत राखीव, हे जवळजवळ चिठ्ठीसारखंच ठरत होतं. हा अभ्यास २००४ मध्ये छापला. राखीव पंचायतींत पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालेलं दिसलं. आपल्याकडेही अध्यक्षपदाचं आरक्षण फिरतं असतं. ते खरोखर क्रमानं फिरलं की कुणी मध्ये हात घातला, हे जुन्या अधिसूचना काढून तपासलंत तर हा विषय तुमच्या हातात आहे. अजून फार कुणी नीट केलेला नाही असं मला वाटतं, म्हणून आवर्जून सांगतो.

उंबरठ्याची पद्धत म्हणजे काय?

कुठलाही नियम आकड्यावर चालत असेल तर त्या आकड्याच्या लगतच्या दोन बाजू जवळजवळ सारख्या असतात. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत मोठ्या वस्त्यांना आधी रस्ता द्यायचा असा नियम होता. १,००० च्या वरच्या आधी, मग ५०० च्या वरच्या. ४९० वस्तीचं गाव आणि ५१० वस्तीचं गाव यांत तसा काय फरक? सॅम ॲशर आणि पॉल नोवोसाद यांनी सहा राज्यांतली अशी गावं घेतली. रस्त्यामुळे माणसं शेतीतून बाहेरच्या कामाला गेली, पण उत्पन्न आणि खर्च फारसा वाढला नाही. त्यांनी तीच राज्यं घेतली जिथे नियम खरोखर पाळला गेला होता. तुमच्या तालुक्यात नियम कागदावर होता की जमिनीवर, हे आधी पाहा.

नमुना किती मोठा हवा? गाईड म्हणतात ३०० पुरेत.

किती लहान फरक ओळखायचा आहे यावर ते ठरतं. दोन साधे गट धरा. एकीकडे ३० टक्के आणि दुसरीकडे ४० टक्के हा फरक पाचापैकी चार वेळा पकडायचा तर प्रत्येक गटात साधारण ३६० बायका लागतात. ३० आणि ३५ मधला फरक पकडायचा तर सुमारे १,४००. फरक निम्मा झाला की नमुना चौपट लागतो. ३०० फॉर्ममध्ये चार टक्क्यांचा फरक सापडणार नाही. सापडलाच तर तो बहुधा योगायोग असेल.

गावाचा हिशोब त्यावर आणखी चढतो. एकाच गावातल्या बायका एकमेकींसारख्या असतात: तीच बस, तीच शेती, तोच मुकादम. प्रत्येक गावातून २० बायका घेतल्या आणि त्यांच्यातला सारखेपणा (० ते १ च्या मापावर) ०.०५ इतका कमी धरला, तरी गणित १ + १९ × ०.०५, म्हणजे १.९५ येतं. ४० गावांतल्या ८०० बायकांचं वजन मग ८०० भागिले १.९५, म्हणजे ४१० इतकंच राहतं. म्हणून २० गावांत प्रत्येकी ४० बायका घेण्यापेक्षा ८० गावांत प्रत्येकी १० घ्या. जीप आणि डिझेलचा खर्च वाढतो, मला कल्पना आहे. त्याच बायकांकडे दोनदा जाता आलं तर नमुना लहान असला तरी भागतं.

'तुम्ही काम करता का?' या प्रश्नाला सगळ्या बायका 'नाही' म्हणतात. काय करू?

प्रश्न बदला. आकडेशास्त्रात जितका जीव ओतता त्याच्या निम्मा तरी या भागात ओता, अशी माझी विनंती आहे.

निपाणीकडच्या एका गावात मी पहिल्यांदा सर्वेक्षणाला गेलो, तेव्हा उंबऱ्यात सूप घेऊन बसलेल्या एका मावशींना हाच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "मी काय करत नाही बघा, घरातच असतो." बोटं विडी वळत होती. मी फॉर्मवर 'गृहिणी' लिहिलं आणि पुढच्या दारात गेलो. त्या दिवशी असे किती 'गृहिणी' लिहिले असतील, त्याची आठवण मला आजही बोचते. त्या भागातल्या कितीतरी घरांचा खर्च हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर चालतो, आणि माझ्या कागदावर त्यातलं काही आलं नाही.

'काम' म्हणजे बाहेर जाऊन हजेरी लावणं, असं घरात सगळे मानतात. म्हणून थेट विचारा: काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत? म्हशीचं कुणी केलं? विड्या वळल्या का, किती? तंबाखूच्या वखारीत या हंगामात किती दिवस गेलात? भांगलणीला कुणाच्या शेतात? पैसे की पैरा (कामाच्या बदल्यात काम)? भारताचं पहिलं देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षण २०१९ मध्ये झालं, ते याच विचारानं.

यात एक बारीक धोका आहे. मोफत बस आल्यावर बाई विड्या सोडून बेळगावात दुकानात लागली असेल. 'काम करता का' या प्रश्नात ती आधी 'नाही' आणि नंतर 'हो' होते. प्रत्यक्षात काम आधीही होतं, फक्त मोजलं जात नव्हतं. मोजमापातली ही चूक दोन्ही गटांत सारखी नसते, त्यामुळे ती वजा होत नाही.

ध्वनिमुद्रण लिहून काढणारा बाहेरचा असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा: इकडच्या बायका 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. तशा वाक्यांवरून उत्तर देणारा पुरुष आहे असं ठरवून अर्धी फाईल चुकलेली मी पाहिली आहे.

उत्तर देणाऱ्याची भाषा विचारावी का? कार्यकर्ता मराठी हवा की कन्नड?

भाषा विश्लेषणात लागणार असेल तरच विचारा, आणि शेवटी विचारा. सुरुवातीलाच विचारलंत तर समोरचा माणूस पुढची सगळी उत्तरं 'हे कुठल्या बाजूचे' या नजरेनं देतो. मातृभाषा, घरात बोलायची भाषा आणि शाळेची भाषा हे तीन वेगळे प्रश्न आहेत. खानापूरकडे कोकणी बोलणारं घर मुलाला मराठी शाळेत घालतं आणि बाजारात कन्नड बोलतं. एकाच रकान्यात ते कसं बसणार? १ नोव्हेंबरच्या आगेमागे, म्हणजे राज्योत्सव आणि काळा दिन यांच्या आठवड्यात, फील्डवर्क ठेवू नका.

कार्यकर्त्यांबाबत माझं मत पक्कं आहे: बसच्या गावांना मराठी कार्यकर्ती आणि बिनबसच्या गावांना कन्नड, असं चुकूनही होऊ देऊ नका. गावं चिठ्ठी टाकून वाटा आणि शक्य तिथे एकाच गावात दोघींना वेगवेगळी घरं द्या. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी बंगालच्या पीक-पाहण्यांत नमुन्याचे असेच स्वतंत्र भाग पाडून वेगवेगळ्या तुकड्यांना दिले होते, म्हणजे मोजणाऱ्यामुळे किती फरक पडतो ते कळायचं. आपल्या भागात याची गरज कितीतरी जास्त आहे. प्रश्नावली मराठीतून कन्नडमध्ये गेली की दुसऱ्या माणसाकडून ती परत मराठीत आणून ताडून पाहा.

योजना सुरू होऊन गेली. आधीची माहितीच नाही. आता?

कार्ड-क्रुगर कायदा लागू होण्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्येच हॉटेलांना फोन करून मोकळे झाले होते. तुमच्याकडे ती वेळ गेली. बस महामंडळाचे आकडे मागायला जाल, पण साध्या तिकिटावर बाई की पुरुष हे लिहिलेलं नसे. बायकांची वेगळी नोंद शून्य तिकिटापासूनची. म्हणून शून्य तिकिटांची संख्या वाढली यावरून बायकांचा प्रवास वाढला असं म्हणता येत नाही.

आठवणीवर जावं लागेल. 'जून २०२३ मध्ये काय करत होता?' असं विचारू नका. मोठी मुलगी तेव्हा कितवीत होती, धाकट्याचा जन्म आधीचा की नंतरचा, घरात तेव्हा कोण आजारी होतं, असे खुंटे रोवत मागे जा. २०१९ चा महापूर आणि लॉकडाऊन सगळ्यांना पक्के आठवतात. मे २०२३ च्या निवडणुकीचा खुंटा मात्र टाळा. योजना त्याच निवडणुकीच्या आश्वासनातून आली, त्यामुळे उत्तराला पक्षाचा रंग चढतो. शिवाय दुसरा स्रोत शोधा: बचत गटाची वही, रोजगार हमीचे मस्टर, शाळेचा हजेरीपट, वखारीचं मजुरी पुस्तक. हे कागद आठवणीइतके बदलत नाहीत.

मराठी शाळेत घातल्यामुळे मुलं मागे पडतात का? यावर प्रबंध करता येईल?

करा. हा आपल्या घराघरातला प्रश्न आहे. पण मराठी शाळेतल्या आणि इंग्रजी शाळेतल्या मुलांची पगारांवरून तुलना करून थांबू नका. इंग्रजी शाळेची फी भरू शकणारं घर आधीपासूनच वेगळं असतं. त्यात शाळेचा वाटा किती आणि घराचा किती, हे त्या तुलनेतून कळत नाही.

नियम एका तारखेला बदलला, अशी जागा शोधा. मोरोक्कोत १९८३ पासून फ्रेंचऐवजी अरबीतून शिकवणं पुढच्या वर्गांपर्यंत नेलं. अँग्रिस्ट आणि लावी यांनी आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांची तुलना केली. नंतरच्या तुकड्यांना शिक्षणाचा पैशातला मोबदला कमी मिळत होता, कारण तिथल्या नोकऱ्या फ्रेंच मागत होत्या. उलट बाजूचा अभ्यास आपल्या जवळचा आहे. तरुण जैन यांनी दक्षिण भारतातले असे जिल्हे पाहिले जिथे लोकांची भाषा एक आणि प्रांताची राजभाषा दुसरी होती. तिथे शिक्षण मागे होतं, आणि भाषावार राज्यं झाल्यावर ती दरी कमी झाली. दोन्ही वाचल्यावर तुमचा प्रश्न बदलेल: शाळेची भाषा आणि नोकरीची भाषा यांत अंतर पडतं तेव्हा मुलाचं काय होतं? खानापूरचा मराठी शाळेतला मुलगा कन्नडमध्ये होणाऱ्या भरतीला बसतो, तेव्हा नेमकं हेच अंतर असतं.

वीस गोष्टी तपासल्या, एक 'सिग्निफिकंट' (निव्वळ योगायोग वाटत नाही अशी) आली. ती लिहू?

वीसही लिहा. प्रत्यक्षात काहीच परिणाम नसताना पाच टक्क्यांच्या कसोटीवर वीस स्वतंत्र तपासण्यांत निदान एक तरी चुकून लागण्याची शक्यता ६४ टक्के असते. मुख्य परिणाम कोणता, हे फील्डवर जाण्याआधी कागदावर लिहून तारखेसह गाईडकडे ठेवा.

सीमेवरची माणसं दोन्हीकडे जातात. महाराष्ट्राच्या बाजूच्या शिनोळीची बाई बेळगावात कामाला येते. तिला कुठल्या गटात टाकू?

ती राहते तिथल्या गटात. पण ती येते ही माहिती टाकून देऊ नका. खानापूरकडच्या बायका मोफत बसनं बेळगावात जास्त येऊ लागल्या असतील तर शिनोळीच्या बाईचं काम किंवा मजुरी कमी झाली असेल. मग तुमचा तुलनेचा गटच योजनेनं हललेला असतो, आणि परिणाम आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. सीमेपासून लांबची चंदगड-आजरा भागातली गावं वेगळी घेऊन उत्तर बदलतं का ते पाहा.

सॉफ्टवेअर कोणतं?

'आर' फुकट आहे आणि पुरेसं आहे. फील्डवर 'कोबो'वर फॉर्म करा, रेंज नसली तरी चालतो.

परिणाम काहीच आढळला नाही तर प्रबंध फुकट गेला का?

नाही. पण 'परिणाम नाही' आणि 'आम्हाला कळलं नाही' यांत फरक आहे. तुमचा अंदाज उणे एक ते अधिक एक टक्का असा आला, तर मोठा परिणाम नाही हे तुम्ही सांगितलंत, आणि ती मोलाची माहिती आहे. उणे दहा ते अधिक दहा आला, तर तुम्हाला काहीच सांगता येत नाही. आकडा एकटा छापू नका, त्याची रुंदी छापा.

भीमगडच्या जंगलातल्या गावांना जायला रस्ता नाही, पावसात तर पोहोचताच येत नाही. ती यादीतून काढली तर चालेल?

नाही काढायची. बिनबसची गावं तीच आहेत, तुमची सगळी तुलना त्यांच्यावर उभी आहे. सोपी सोपी बिनबसची गावं ठेवून अवघड तेवढी गाळलीत, तर रस्त्याच्या कडेला असूनही थांबा नसलेली गावं उरतील, आणि तिथल्या बायका चालत जाऊन हमरस्त्यावर बस पकडतात. वेळापत्रकात त्या गावांसाठी डिसेंबर-जानेवारीचे दिवस वेगळे ठेवा, आणि बसच्या गावांनाही त्याच महिन्यात जा, म्हणजे हंगाम सारखा राहील. वनखात्याची परवानगी दोन महिने आधी मागा. कार्यकर्त्या दोघी-दोघी पाठवा, मुक्कामाची सोय अंगणवाडीच्या ताईंना विचारून करा, आणि एका दिवसात चारच फॉर्म झाले तरी चालतील असं त्यांना आधीच सांगा.